आक्कांची निळी दोरी

मुरुमला आम्ही भाड्यानं राहायला गेलो, तेव्हा घरमालकिणीनं किल्ली द्यायच्या आधी अंगणात रेघ मारली. खोटं सांगत नाही. एका हातात सुती दोरी, दुसऱ्या हातात नीळ कालवलेली वाटी. भिजलेल्या दोरीचं एक टोक माझ्या नवऱ्याच्या हातात देऊन त्याला हौदापाशी उकिडवं बसवलं, दुसरं टोक स्वतःच्या पायाच्या अंगठ्याखाली दाबलं, वाकून दोरी वर उचलली आणि सोडली. हौदापासून उंबऱ्यापर्यंत फरशीवर निळी रेघ उठली. अलीकडचं तुमचं, पलीकडचं माझं, असं म्हणाल्या आणि मग किल्ली दिली. नवरा दूध संकलन केंद्रावर नोकरीला लागलेला, नवीन गाव, नवीन बायको. तो बिचारा रेघेकडं बघत तसाच बसून राहिला.

अंगण धुतलं की रेघ जायची आणि आक्का ती परत मारायच्या. मी ती पाळली. त्यांनी एक दिवस पाळली नाही. रोज सकाळी रेघ ओलांडून यायच्या, माझ्या तव्यावरच्या भाकरीकडं बघायच्या, ती कुठल्या बाजूनं वाकडी झालीय ते सांगायच्या आणि परत जायच्या. एकदा मी हिय्या करून म्हटलं, आक्का, ती रेघ?

"रेघ तुमच्यासाठी हाय," त्या म्हणाल्या. "माझं घर कुठवर हाय ते मला म्हाईत हाय."

आक्का त्यांना सगळी गल्लीच म्हणायची. उंच, हाडकुळ्या, कपाळावर विभूतीचे पट्टे, तेही पट्टीनं ओढल्यासारखे सरळ. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, घर मात्र स्वतःचं होतं आणि आवाजही. हिशेब कानडीत करायच्या, भांडण मराठीत करायच्या आणि देवापुढं बसून जे पुटपुटायच्या ते कुठल्या भाषेत ते कुणाला कळायचं नाही.

त्यांचं काम होतं वाकळ आखायचं. आमच्याकडं जिला वाकळ म्हणतात तिला तुम्ही गोधडी म्हणत असाल. आक्का कानडीत कौदी म्हणायच्या. जुनी लुगडी, धोतरं, चादरी थरावर थर अंथरायची आणि धावदोरा घालून एक करायची. बहुतेक घरांत बाया अंदाजानंच टाके घालतात. पण लग्नात द्यायची वाकळ असली किंवा बाळंतपणाची असली, की आधी आक्कांना बोलावणं जायचं. त्या यायच्या, कापडावर रेघा उठवून द्यायच्या आणि निघून जायच्या. शिवायच्या नाहीत. त्यांनी सुई हातात धरलेली गल्लीत कुणी बघितली नव्हती. पोलक्याचं बटण तुटलं तरी ते माझ्याकडं यायचं, कारण मी शिवणकाम करायची. कुणी छेडलं, आक्का, कधीतरी टाका घालून दावा की, तर म्हणायच्या, बांध घालणाऱ्यानंच पेरावं असं कुठं लिव्हलंय? बाया पाठीमागं हसायच्या, म्हातारीला टाकाच येत नसंल. पुढं कळलं की बाया बरोबर होत्या.

आखायला बसल्या की काय तो थाट! पंखा बंद. लेकरं बाहेर. तंबाखू मळायची नाही, हसायचं नाही. चार कोपऱ्यांवर चार वजनदार माणसं बसवायची, म्हणजे थर सरकत नाहीत. एका घरी त्यांनी दिवाळसणाला आलेल्या जावयालाच कोपऱ्यावर बसवलं आणि तो चहा मागायला लागला तर त्याच्या हातात दोरीचं टोक दिलं. काठापासून चार बोटं सोडून पहिली रेघ, मग आत चार बोटं सोडून दुसरी, अशी चौकटीत चौकट मधोमधापर्यंत जायची. त्यांना वहीतली नक्षी लागायची नाही, छापा लागायचा नाही. गोल पाहिजे तर पोळपाट उपडा ठेवायचा, फूल पाहिजे तर बांगडी फिरवायची.

लग्नाच्या वाकळेला कोपऱ्यांत कमानी असायच्या, त्यांची तऱ्हा मला आजपर्यंत दुसरीकडं दिसली नाही. नवरीला वाकळेवर बसवायचं. तिचं कोपर कापडावर टेकवायचं, मुठीत निळीचा खडा द्यायचा आणि कोपर न हलवता हात फिरवायला लावायचा. जेवढा तिचा हात, तेवढी कमान. लांब हाताच्या पोरीची वाकळ लांब कमानींची, बुटकीची बारक्या कमानींची. एका आईनं जरा मोठ्या कमानी काढा म्हणून हट्ट धरला, तर आक्का उठूनच निघाल्या. वाकळ हिची हाय का तुमची, एवढंच दारातून विचारलं. आईनं परत बोलावलं.

गावातल्या एकूण एका वाकड्या गोष्टीचा त्यांना त्रास व्हायचा. शाळेच्या मैदानावर पोरांनी फक्कीनं कबड्डीचं मैदान आखलं होतं. आक्का बाजारातनं येताना थांबल्या, पिशवी खाली ठेवली आणि मधल्या रेघेवर मांडी घालून बसल्या. शिक्षक आले, विनवण्या झाल्या, पाहुणा संघ आलंदहून येऊन ताटकळत उभा. आक्का म्हणाल्या, एका बाजूला जागा जास्त हाय, हा काय खेळ झाला का? शेवटी घरून दोरी आणवली. पाहुण्यांच्या कप्तानानं टोक धरलं. पुन्हा आखून झालं तेव्हा सामन्याची वेळ उलटून गेली होती आणि आमचा संघ सपाटून हरला. दोष आक्कांवर आला. त्यांना काही वाटलं नाही. हरले ते सरळ रेघेत हरले, असं त्या गल्लीत अभिमानानं सांगत फिरल्या.

त्यांची बहीण सास्तूरला राहायची. भूकंपानंतर गाव नव्यानं बसवलेलं, रस्ते सरळ, घरं ओळीत. पहिल्यांदा तिकडं जाऊन आल्या तेव्हा खूश होत्या, गाव कसं आखून काढलंय म्हणाल्या. मग जरा वेळानं हौदाच्या कट्ट्यावर बसून म्हणाल्या की बहिणीला अजून जुन्या गावातली वाकडी गल्लीच आठवते, तिला डोळे मिटून जाता यायचं तिथनं.

आमचं पहिलं भांडण कार्बन पेपरवरनं झालं. मी उशीच्या अभ्र्यावर मोर काढायला कागद, कार्बन आणि दातेरी चाक घेऊन बसले होते. उमरग्याला शिवणक्लासात शिकलेली, जरा तोराही होता. आक्का रेघ ओलांडून आल्या, बोटाला थुंकी लावली आणि मोराची मान घासली. मान गेली नाही. आणखी घासली. मग अभ्रा माझ्या मांडीवर टाकला.

"टाका पडला की रेघंचं काम संपलं," त्या म्हणाल्या. "मग तिनं जायला पायजे. ही जात न्हाय. ही जन्माची झाली."

मला राग आला होता, पण ते डोक्यात बसलं ते बसलंच. आज उमरग्यात हायवेला माझं स्वतःचं दुकान आहे, दोन पोरी हाताखाली आहेत, आणि बॉलपेननं कापडावर खूण करणारीला मी दारात उभी करत नाही. वाकळ पहिल्या पाण्यातनं निघाली की निळीचा मागमूस राहता कामा नये आणि टाके तेवढे ओळीत दिसावेत, ह्यात आक्कांची सगळी प्रतिष्ठा होती. कुठल्याही घरची वाकळ पहिल्यांदा धुऊन वाळत पडली की त्या जाऊन बघून यायच्याच.

आता माझ्या पेटीतल्या लुगड्यांचं सांगते. माझी आई माझ्या लग्नाच्या वर्षीच गेली. तिची दोन इरकली लुगडी तेवढी माझ्या वाट्याला आली. एक गर्द हिरवं, एक जांभळ्या काठाचं. दुसरं तिचं काही माझ्याकडं नाही, फोटोही धड नाही. मला पहिलं लेकरू होईल तेव्हा ह्या लुगड्यांची वाकळ करायची, असं मी ठरवून टाकलं होतं. आक्कांना सांगितलं तर त्यांनी लुगडी उलटीपालटी केली, काठ चोळून बघितला आणि म्हणाल्या, पोट राह्यलं की सांग, मी आखते. एवढ्यावर विषय मिटला होता.

बाळंतपणाच्या वाकळेची आमच्या भागात एक रीत आहे. चौकटीत चौकट करत टाके आत आत जातात आणि मधोमध तळहाताएवढी जागा उरते. तिला वाकळेचं पोट म्हणतात. तिथला शेवटचा टाका बाळंतिणीच्या आईनं घालायचा. बाकी वाकळ कुणीही शिवो, पोटातला टाका आईचा. त्याचा विचार मी टाळत होते.

त्याच सुमारास आक्कांची रेघ बिघडायला लागली. अंगणातली रेघ आधी जाड झाली, मग गडद झाली, एका सकाळी बघते तर हौदाला चुकवून पार मोरीकडं गेलेली. मी नवऱ्याला म्हटलं, आक्कांना दिसत नाही. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्याचं जवळून बघितलं तर कळत होतं. पण सांगणार कोण? सुचवलं तर म्हणायच्या, डोळे धडधाकट हायत, ह्या खोल्यांत उजेडच कमी झालाय. डॉक्टरचं नाव काढलं की रेघेपलीकडं हाकलायच्या.

आणि मग वाण्याच्या घरची वाकळ झाली. समोरच्या किराणा दुकानवाल्यांच्या लेकीचं लग्न होतं. वरचं कापड सायीच्या रंगाचं, नवंकोरं. आक्कांनी नेहमीच्या थाटात आखलं, नवरीचं कोपर टेकवून कमानी काढल्या, घरच्या बायांनी दुपारच्या दुपार बसून शिवलं. लग्नाआधी वाकळ पाण्यातनं काढली तर रेघा जशाच्या तशा. परत धुतली, साबण लावला, लिंबू लावलं. रेघा आणखी उठून दिसायला लागल्या. झालं असं होतं की आक्कांच्या फडताळात निळीच्या पुड्यांशेजारी विटकी लुगडी रंगवायच्या पक्क्या रंगाची पुडी होती. दोन्ही पुड्या सारख्याच, आतली पूडही सारखीच काळपट निळी. ज्याला दिसतं त्यानं वरचं नाव वाचलं असतं. आक्कांनी पक्का रंग कालवून दोरी भिजवली होती.

वाण्याच्या घरचे भांडायला आले नाहीत. आले असते तर बरं झालं असतं. आक्का भांडणात कधी हरत नव्हत्या. वाण्याच्या बायकांनी वाकळ गुपचूप घडी करून आत ठेवली, लग्नात दुकानातली रजई दिली, आणि त्यानंतर गल्लीतलं बोलावणं बंद झालं. आक्का दोन दिवस सगळ्यांना सांगत होत्या की बोअरचं पाणी खारं झालंय, त्यानं रेघ धरली. मग तेही सांगायचं थांबलं. दोरी खुंटीला टांगली. अंगणातली रेघ गेली ती गेली, माझी भाकरी बघायला यायचं बंद झालं. मला त्याचं इतकं वाईट वाटेल असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी हसले असते.

माझं पोट पुढं आलं होतं तेव्हा. सासूबाई गावाकडनं फोनवर म्हणाल्या, तू शिलाईवाली, तुझं तू आखून घे, म्हातारीला कशाला मधी घालतीस? बरोबरच होतं त्यांचं. आईची दोनच लुगडी. त्यावर एक पक्की वाकडी रेघ उठली तर मी जन्मभर तिच्याकडं बघत बसले असते. पण मी आखलं असतं आणि शेजारी, त्याच अंगणापलीकडं, आक्का बसून ऐकत राहिल्या असत्या, तर ती दोरी पुन्हा कधी खुंटीवरनं उतरली नसती, हेही मला कळत होतं. मी घाबरले होते, स्पष्ट सांगते. तरी लुगडी उचलली आणि जिथं रेघ असायची तिथनं पलीकडं गेले.

आक्का बाजेवर बसल्या होत्या. मी लुगडी त्यांच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, सातवा लागलाय, तुम्ही म्हणाला होता. त्यांनी बराच वेळ काठावरनं बोट फिरवलं. मला वाटलं, आता नाही म्हणतील.

"तांदळाच्या पेजंत घाल," त्या म्हणाल्या. "कडक वाळव. अन् नीळ आणू नको."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंकेतनं एक शिंगाची फणी काढली. सासूची म्हणे, दात सगळे झडलेले, पाठ तेवढी शाबूत आणि गुळगुळीत. चार थर अंथरले, वर खळ केलेलं हिरवं लुगडं. त्यांनी कोरडी दोरी ताणून धरायला लावली, काठापासून चार बोटं स्वतःच्या बोटांनी मोजली, आणि दोरीच्या कडेनं फणीची पाठ दाबून ओढली. कापडावर रंग नाही काही नाही, नुसता चर पडला. मी बोट फिरवलं तर चर बोटाला लागत होता. डोळ्यांची गरजच नव्हती. पेज लावून कडक केलेलं कापड चर धरून ठेवतं, पण फार वेळ नाही. उठलं बसलं की चर भरून येतो. म्हणून त्या रोज एकच चौकट आखायच्या आणि ती मी त्यांच्यादेखत शिवून संपवायची. पहिल्यांदाच आखून झाल्यावर आक्का उठून गेल्या नाहीत. शेजारी बसून टाक्यांवर बोट ठेवत माझ्या मागं मागं यायच्या आणि कुठं टाका लांब पडला की माझ्या मनगटावर फणी मारायच्या.

शिवता शिवता भांडणंही सुरू झाली, माझ्या भाकरीचा विषयही परत निघाला. गल्लीतल्या बाया डोकावून जायला लागल्या. वाण्याच्या घरची म्हातारीसुद्धा आली आणि चरावर बोट फिरवून तिथंच टेकली. आक्कांनी तिला कोपऱ्यावर बसायला सांगितलं, वजन चांगलं हाय म्हणाल्या.

अशी शेवटची चौकट झाली. पोट उरलं. मी सुई कापडात खोचून ठेवली आणि मला रडू आलं. चांगलं हुंदके देऊन रडले, उगाच लपवून काय करायचं. आक्कांनी पोटाच्या जागेवर फणीनं एक चर ओढला, टिचभर. मग हात पुढं केला.

"सुई दे. दोरा ववून दे, मला ववता येत न्हाय."

मी दोरा ओवून दिला. सुई त्यांनी मुठीत धरली, खुरपं धरतात तशी. मला तेव्हा कळलं की गल्ली खरं बोलत होती, त्यांना टाका येतच नव्हता. बोटांनी चर शोधला, सुई खाली घातली, वर काढली, स्वतःच्याच बोटाला टोचून घेतली, परत घातली. टाका पडला. लांब, तिरका, चर सोडून भलतीकडं गेलेला. मी गाठ मारून दोरा तोडला.

"सरळ आला का?" त्यांनी विचारलं.

"आला," मी म्हटलं.

त्यांनी बोट लावून बघायला हात उचलला आणि मग का कोण जाणे, तसाच मागं घेतला. घरात गेल्या. आठवडाही गेला नसेल, एक दिवस सकाळी रेघेच्या जागेवर उभ्या राहून माझ्या नवऱ्याला हाक मारली, मला उमरग्याला घेऊन चल, डोळे दावायचेत. तो बघतच राहिला. इतके दिवस आम्ही विनवण्या करत होतो तेव्हा नाही, आणि आता काय झालं म्हणून त्यानं विचारलं. आक्का म्हणाल्या, मला एक गोष्ट बघायची हाय.

ऑपरेशन झालं, आणि मधल्या काळात मला मुलगी झाली. मी माहेरी कुणाकडं जाणार, मुरुमलाच बाळंत झाले. आक्का सास्तूरला बहिणीकडं विश्रांतीला राहून परत आल्या तेव्हा पोर पालथी पडायला लागली होती. सकाळची वेळ, मी भाकरी टाकत होते. अंगणात दोरी वाजलेली ऐकली. बाहेर आले तर हौदापासून उंबऱ्यापर्यंत निळी रेघ, लख्ख सरळ, आणि काळा चष्मा लावलेल्या आक्का ती ओलांडून माझ्याकडं येत होत्या. तव्याकडं बघितलं, भाकरीबद्दल जे म्हणायचं ते म्हणाल्या. मग पोरीला उचलून माझ्या कडेवर दिलं, तिच्या खालची वाकळ ओढून घेतली आणि उन्हात हौदाच्या कट्ट्यावर पसरली.

काठापासून सुरुवात केली. एकेका चौकटीवरनं नजर फिरवत, मान हलवत आत आत आल्या. चर कधीच भरून गेले होते, आईच्या हिरव्या लुगड्यावर टाके तेवढे ओळीत होते. मधोमध पोचल्या आणि थांबल्या. चष्मा काढला. तो तिरका टाका डोळ्यांजवळ नेऊन बघितला, नखानं चाचपला.

"खोटं बोललीस व्हय माझ्याशी," म्हणाल्या.

मी म्हटलं, व्हय.

आक्का कशा आहेत ते मला माहीत होतं. वाकड्या रेघेवर ह्या बाईनं अख्खा कबड्डीचा सामना अडवला होता. मी पोरीला एका हातावर घेतलं, दुसऱ्या हातानं कात्री काढली आणि विचारलं, उसवू का, परत घालता का?

आक्कांनी वाकळ माझ्या हाताखालनं ओढून छातीशी घेतली.

"हात लावून तर बघ," त्या म्हणाल्या.